टिटवीनं लिहिलेलं पान

टिटवी हे नाव तिला मामानं ठेवलं होतं. पाळण्यात होती तेव्हापासून पोरीच्या तोंडाला विसावा म्हणून नव्हता. मामा म्हणाला, "ही माणसाची जात नाही, ही टिटवी," आणि ते नाव तिला असं चिकटलं की शाळेच्या दाखल्यावरचं खरं नाव फक्त परीक्षेच्या दिवशी बाहेर निघायचं. बोलण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. लोकांच्या नकला करायची, बसल्या जागी हशा पिकवायची. घरातले म्हणायचे, पोरगी नाव काढणार.

म्हणून अठराव्या वर्षी तिला समुद्राकाठच्या मोठ्या शहरातून मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही. शहरं कशी बांधावीत, रस्ते कुठून न्यावेत, हे शिकवणारं ते कॉलेज होतं. पत्रात एक अट होती. मुलाखतीआधी उमेदवारानं चार दिवस शहरात राहायचं, रोज कॉलेजात यायचं आणि इथलं राहणं कसं वाटलं ते एका पानात लिहून द्यायचं. चांगली पानं शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या पालकांसमोर वाचली जाणार होती.

"राहायचं कुठे म्हणजे काय?" आई म्हणाली. "माझा भाऊ काय मेलाय?"

मामाचं घर टिटवीनं कधी पाहिलं नव्हतं. दर वर्षी मामा-मामीच गावी यायचे, येताना पिशव्या भरभरून आणायचे. त्या पिशव्यांवरून तिनं मनातल्या मनात त्यांचा भलामोठा बंगला बांधून ठेवला होता. प्रत्यक्षात बंदरामागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर, दोन खोल्या निघाल्या. खारं वारं पिऊन दार इतकं फुगलेलं की उघडायला खांदा लावावा लागे. खिडकीच्या गजांना गंजाचे पापुद्रे सुटलेले. भिंतीवर ओल छातीपर्यंत चढलेली, आणि डबीतल्या मिठाचा एकच दगड झालेला.

"आली गं, आली! टिटवी आली!" मामा इतक्या जोरात ओरडला की खालच्या दोन मजल्यांवरची दारं उघडली.

त्याचं ओरडणं उगाच नव्हतं. तो गोदीत कामाला होता. जहाज पाण्याबाहेर काढून उभं केलं की त्याच्या बुडाला बसलेला गंज आणि शिंपले हातोडीनं ठोकून काढायचे, हे त्याचं काम. बावीस वर्षं लोखंडावर लोखंड आपटून डावा कान पार गेला होता, उजवा कसाबसा तग धरून होता. मामी एका इस्पितळाच्या धोबीखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करायची. त्या दोघांनी आपला पलंग भाचीला दिला आणि स्वतः स्वयंपाकघरात अंथरूण टाकलं. "आम्हाला तिथंच बरं. वारा येतो," मामी म्हणाली.

त्या शहरात धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नसत. पहाटे पाचला मामी टिटवीचा सदरा दोरीवरून काढी, इस्त्री फिरवून कोरडा करी आणि गरमगरम तिच्या हातात देई. "ओला घातलास तर अंगावर पुरळ उठेल," ती म्हणे. मग स्वतःची पिशवी उचलून धोबीखान्याच्या बसला पळे.

कॉलेजात मात्र वेगळीच दुनिया होती. एक कुरळ्या केसांची मुलगी समुद्रासमोरच्या हॉटेलात उतरली होती. एका मुलाच्या काकांच्या घराला म्हणे समुद्राकडची अख्खी भिंतच काचेची होती. पहिल्याच दुपारी त्यांनी टिटवीला विचारलं, "तू कुठे उतरलीस?"

"मामाकडे. बंदरामागे."

"बंदरामागे? तिथे लोक राहतात?" कुरळ्या केसांची म्हणाली. तिनं ते वाईट मनानं विचारलं नव्हतं. तिला खरंच ठाऊक नव्हतं. पण टिटवीच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. लोक आपल्याला हसणार असतील, तर आधी आपणच हसून घ्यावं, हे ती शाळेपासून शिकली होती.

"राहतात ना," ती म्हणाली, "ओरडून ओरडून राहतात," आणि तिनं मामाची नक्कल केली. मान तिरकी, हात कानामागे, "काऽऽय? चहाऽऽ?"

सगळे पोट धरधरून हसले. काकांच्या काचेच्या भिंतीची गोष्ट मागे पडली. त्या दिवसापासून कुणी घरून डबा न्यावा तशी टिटवी रोज घरून एक किस्सा नेऊ लागली. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या वाचनालयात बसून तिनं ते सगळे किस्से एका पानात उतरवले. लेखणी अशी पळत होती की थांबवता थांबेना. एकदा मात्र ती थांबली. मामीबद्दलची एक ओळ लिहून झाल्यावर तिनं ती पुन्हा वाचली. मग समोरच्या मुलाला दाखवली. तो हसून टेबलावर आडवा झाला. ओळ राहिली.

चौथ्या दिवशी मामा गोदीतून सुट्टी काढून आला. मामीनं अर्धा दिवस मागून घेतला होता. मामानं दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं. मामीच्या अंगावर गावी येताना नेसायची निळी साडी होती. टिटवीनं त्यांना मागच्या रांगेत बसवलं. "इथून नीट दिसतं," ती म्हणाली. खरं तर तिथून काही दिसत नव्हतं.

तिचं पान सगळ्यात शेवटी आलं. चष्मेवाल्या प्राध्यापक बाईंनी ते स्वतः वाचायला घेतलं. लिहिणाऱ्याचं नाव शेवटी सांगायचं असं ठरलं होतं. माझे मामा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत असे बोलतात, जसा एका जहाजावरचा माणूस दुसऱ्या जहाजावरच्या माणसाशी बोलतो. सभागृहात हशा. आमच्या भिंतीवरची ओल रोज एक बोट वर चढते. मी जाईपर्यंत ती माझ्या उंचीची होईल आणि मग तिलाच प्रवेश द्यावा. पुन्हा हशा. आणि मग: मामींना मूलबाळ नाही, म्हणून त्या पहाटे उठून इस्त्रीलाच न्हाऊमाखू घालतात.

त्या ओळीला सगळ्यात मोठा हशा झाला.

टिटवीनं मागे वळून पाहिलं. मामाला माइकवरचं बोलणं अजिबात कळत नसे, नुसता घोंगाट ऐकू येई. पण सगळे हसतायत म्हणून तोही हसत होता. खांदे हलवत, डोळे पुसत, टाळ्या वाजवत हसत होता. शेजारी मामी मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

शेवटी बाईंनी नाव पुकारलं. मामानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. "आमची भाची!" तो शेजारच्या अनोळखी गृहस्थांना सांगत होता. त्या गृहस्थांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मामीकडे, आणि चटकन मान फिरवली.

बसमध्ये मामाला राहवेना. "अगं, काय लिहिलं होतं तिनं? लोक लोळत होते नुसते."

"पंख्याचा आवाज होता. मला धड ऐकू आलं नाही," मामी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

टिटवीला वाटलं, बसच्या तळाला भोक पडावं आणि आपण रस्त्यावर गळून पडावं.

घरी आल्यावर मामी स्वयंपाकाला लागली. मामानं खुर्ची ओढली. "चल, वाचून दाखव. उजव्या अंगाला बस."

पान कॉलेजनं ठेवून घेतलं होतं, पण कच्चा कागद तिच्या वहीत होता. तिनं तो उघडला, त्याच्याकडे बघितलं आणि भलतंच वाचायला सुरुवात केली. "या शहराचा समुद्र सकाळी निळा आणि संध्याकाळी सोनेरी दिसतो. इथली माणसं कष्टाळू आणि प्रेमळ आहेत. माझे मामा..."

मामा कानामागे हात धरून ऐकत होता. दोन-चार वाक्यांनंतर त्यानं हात खाली घेतला.

"टिटवे, यात हसण्यासारखं काय आहे?"

तिनं कागदाची घडी घालायला घेतली.

"दोनशे माणसं हसली. मीही हसलो. मी कशाला हसलो ते मला कळू दे की."

ओट्याशी पाठमोरी उभी असलेली मामी म्हणाली, "जे लिहिलंय ते वाच."

मग तिनं वाचलं. जहाजांचं वाक्य आलं तेव्हा मामा खदखदून हसला. "बरोब्बर! तस्संच बोलतो मी!" ओल आली तेव्हा त्यानं भिंतीकडे पाहिलं आणि जरा ओशाळून म्हणाला, "रंग काढायचाच होता तू यायच्या आधी. राहून गेलं." टिटवीचा आवाज खाली खाली जात होता. पुढची ओळ ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली.

"मोठ्यानं बोल गं. ऐकू नाही आलं."

तिनं पुन्हा वाचली.

"अजून मोठ्यानं."

आणि ती ओळ तिला ओरडून वाचावी लागली.

खालच्या मजल्यावर कुणाचं तरी बोलणं चालू होतं, ते थांबलं. मामाचा चेहरा आधी तसाच राहिला, शब्द एकेक करून आत पोचत असावेत तसा. मग तो बायकोला म्हणाला, "हे तू तिथंच ऐकलं होतंस?"

"हो."

"मी हसत होतो तेव्हा?"

"तुम्हाला काय ठाऊक होतं?" मामी म्हणाली. "जेवायला बसा."

मामा जेवायला बसला नाही. तो उठला, गॅलरीत गेला आणि पाठ करून उभा राहिला. टिटवी मामीजवळ गेली. "मामी, मी... मला असं म्हणायचं नव्हतं."

"म्हणायचं होतं गं. नाही तर लिहिलं कशाला असतंस?" मामीच्या आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. "तुला माहीत नव्हतं, एवढंच. आईला विचार कधी तरी."

तिनं जिन्यात जाऊन आईला फोन लावला. आई आधी मुलाखतीचंच विचारत राहिली. मग म्हणाली, "मामीचं? का गं मध्येच? तुझ्या जन्माआधी तिला मुलगी झाली होती. नऊ दिवस जगली. मग पुढे काही झालंच नाही. तू झालीस तेव्हा ती महिनाभर आपल्याकडे होती, तुला रोज तीच न्हाऊ घालायची. माझं अंग धरलं होतं ना, मला वाकता येत नव्हतं. का? काही बोलली का ती?"

"नाही," टिटवी म्हणाली. "ती काहीच बोलली नाही."

दुसऱ्या दिवशी मुलाखत होती. ती तासभर आधीच कॉलेजात पोचली आणि चष्मेवाल्या बाईंच्या खोलीत गेली. तिचं पान नव्या विद्यार्थ्यांच्या पुस्तिकेत छापायचं ठरलं होतं.

"माझं पान परत हवंय," ती म्हणाली.

"काही बदलायचंय? ती इस्त्रीची ओळ मात्र ठेवा. त्यातच खरी गंमत आहे."

"त्या ओळीतली बाई मागच्या रांगेत बसली होती, बाई."

बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "मलाही कळायला हवं होतं वाचताना." त्यांनी कागद काढून दिला, पण नियम सांगितला: पान मागे घेतलं तर त्याचे गुण मिळणार नाहीत. टिटवी हो म्हणाली. त्यात तिला काही मोठेपणा वाटला नाही. लाज इतकी भरून राहिली होती की दुसऱ्या कशाला आत जागाच नव्हती.

पहिल्या यादीत तिचं नाव आलं नाही. दीड महिन्यानं एक जागा रिकामी झाली आणि तिला बोलावणं आलं. तिनं हॉस्टेलसाठी अर्ज केला. मामाच्या दारात पुन्हा उभं राहायची तिची छाती नव्हती. पण उशिरा आलेल्यांना हॉस्टेल मिळत नव्हतं. शेवटी मामाच बस थांब्यावर घ्यायला आला, बॅग खांद्यावर टाकली आणि सबंध रस्ताभर गोदीतल्या नव्या मुकादमाला शिव्या घालत चालला.

पहिले काही महिने ती घरात जपून वावरली. कामापुरतं बोले. मामा कुरकुरायचा, "टिटवी म्हणून आणली आणि निघालं मुकं कबूतर." मामी तिच्याशी चांगली वागे, पण शेजारीण चहाला आली की म्हणे, "जरा जपून बोला हं, आमच्याकडे लेखिका आहे." शेजारीण हसे, मामीही हसे. टिटवीला मान वर करता येत नसे.

एके दिवशी मामी धोबीखान्यातून आली ती मनगटाला पट्टी बांधून. वाफेच्या यंत्राची झडप सैल झाली होती, महिन्यात तिसऱ्या बाईला भाजलं होतं, आणि साहेब नुसते बघतो बघतो म्हणत होते. मामीनं एक कोरा कागद टिटवीसमोर ठेवला.

"तुला लिहिता येतं ना? मग अर्ज लिही. आम्ही अकरा जणी सही करणार आहोत. उद्या सुट्टीच्या वेळी तिथं ये आणि सगळ्यांना वाचून दाखव. काही चुकत असेल तर त्या सांगतील."

"मी?"

"दुसरं कोण लिहिणार? तुझा मामा?"

टिटवीनं पेन उघडलं. पहिलं वाक्य लिहिण्याआधी तिनं विचारलं, "मामी, तुम्हाला कसं भाजलं ते घालू का यात?"

मामीनं क्षणभर विचार केला. "घाल," ती म्हणाली. "पण जसं झालं तसं."

मग मामी सांगत गेली आणि टिटवी खाली मान घालून लिहीत गेली.