रूपरावांचं ‘हो’

रूपराव म्हणजे अल्लीपुरातला एक नंबरचा भिडस्त माणूस. व्याह्यांच्या घरच्या पंगतीत मीठ विसरलेली वांग्याची भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली होती, वर झकास झाली म्हणून सांगितलं होतं. लकव्यानं उजवा हात बधिर झाला, तरी हा स्वभाव काही गेला नाही.

दवाखान्यातल्या डॉ. रक्षा लेझर अॅक्युपंक्चरनं मेंदूत काय होतं ते तपासत होत्या. सुई नाही, टोचणं नाही. बधिर हातावर बारीक नळ्या चिकटवायच्या, माणसाला एमआरआयच्या बोगद्यात सरकवायचं आणि प्रकाश सोडायचा. कधी तो चालू, कधी बंद. कधी काय, ते सांगायचं नाही. जाणवलं तर डाव्या हातातलं बटण दाबायचं. रूपरावांना काडीचंही जाणवत नव्हतं, पण ते अंदाजानं बटण दाबत राहिले. पोर एवढी राबतेय, तिला नाही कसं म्हणायचं?

घरी मनकर्णाबाईंनाही तेच. “येऊन राह्यला वं हात,” असं बायकोला सांगायचे आणि आतून हबकलेले असायचे. पोळा तोंडावर आला होता. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. हळद घातलेलं ऊन लोणी पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्याला लावायचं. पण आधी त्याचा एक थेंब आपल्या उजव्या तळव्यावर घेऊन पाहायचा, ही रूपरावांची जन्माची रीत. बैल काही भाजलं म्हणून सांगत नाही. ज्या हाताला ऊन-गार कळत नाही, त्यानं हे काम करू नये, आणि पान मुलाच्या, गोपालच्या हाती द्यायचं म्हणजे आपला हात मेला हे कबूल करायचं. त्या विचारानं त्यांना जेवण जात नव्हतं.

एक दिवस डॉक्टरांनी त्यांना पडद्यासमोर बसवलं.

“काका, लेझर बंद असतानाही तुम्ही बटण दाबलंत.”

रूपरावांची मान खाली गेली.

“आता मेंदूचं चित्र बघा. बंद होता तेव्हा हे असं. चालू होता तेव्हा ही ठिकाणं उजळली. तुम्हाला कळलं नाही, पण मेंदूनं दखल घेतली.”

रूपरावांनी पडद्यावरच्या उजळलेल्या ठिकाणांवर डावं बोट फिरवलं. “बाई, बैलावर माशी बसली तं तो मांगं वळून पाहत नाई, पण कातडं थरथरते. तसंच का हे?”

“साधारण तसंच.”

“मंग हात मेला नाई?”

“मेला नाही. बरा होईलच असं मात्र एवढ्यावरून मी म्हणणार नाही. व्यायाम सोडू नका. आणि काका, मला खोटं हो नको.”

घरी येताच त्यांनी सगळं बायकोपुढे ओकून टाकलं. मनकर्णाबाई हसल्या. “मले काय माईत नाई? चहाचा कप डाव्या हातानं धरता तुमी. काऊन लपवून राह्यले होते?” दुसऱ्या दिवसापासून त्या व्यायामाला समोर बसायला लागल्या. एकेक बोट चोळत विचारायच्या, “लागते का जी?” रूपराव प्रामाणिकपणे “नाई” म्हणायचे. त्या “बरं” म्हणून पुढचं बोट धरायच्या. ते नाई म्हणताना त्यांना फार हलकं वाटायचं.

खांदशेकणीची संध्याकाळ आली. बैल धुऊन उभे होते. गोपाल पान घेऊन तयार होता. मनकर्णाबाईंनी लोण्याची वाटी आणली. “डाव्या हातावर पाहा,” त्या हळूच म्हणाल्या.

रूपरावांनी उजवाच तळवा पुढे केला. थेंब पडला. काही नाही. मग अंगठ्याच्या बुडाशी, फार लांबून, काहीतरी आलं.

“लागते का जी?”

‘हो’ ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. “थांब. अजून एक टाक.”

दुसरा थेंब पडला. रूपरावांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते भरून आले होते, पण आवाज चक्क खेकसल्यासारखा निघाला.

“काय वं, एवढं ऊन करतात का? बैलाले चटका बसन. निवू दे जरा.”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बायकोच्या हातच्या कशाला तरी नावं ठेवली होती. मनकर्णाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग त्या वाटी फुंकत बसल्या.