झील पक्की

मोतीरामदादा जेवायला येणार म्हणून धम्मदीपने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. तसबिरीला हार घालून झाला, सोफ्याच्या खोळी बदलून झाल्या, अर्ध्या मावला गावाला फोन करून झाले. मंडल ऑफिसात, म्हणजे तिथल्या तहसिलीत, साहेब आले तरी खुर्चीतून सावकाश उठणारा हा माणूस आज स्वतः झाडू मारत होता. सुवर्णा स्वयंपाकघरात वांगी चिरत होती.

"काऊन गप हायस?" धम्मदीपने दारातून विचारलं. "दादा आपल्या घरी येऊन राह्यले. तू तर त्यायच्या गान्याच्या पार्टीत होतीस. तुले तर मिरवाले पायजे."

"डोकं दुखते," ती म्हणाली.

"गोळी घे," असं म्हणून तो पुन्हा झाडायला गेला. माणूस वाईट नव्हता. गाण्याला त्याचा कान फार तयार होता. घरातल्या माणसांसाठी मात्र त्याने तो कधी फारसा वापरला नव्हता.

मोतीरामदादांचं ते गाणं माहीत नाही असं मराठी बौद्ध घर आदिलाबादेत शोधून सापडलं नसतं. दादा ओळ टाकायचे, 'कोनं उघडलं दार, बाई, कोनं उघडलं दार?' आणि मागे बसलेल्या बाया उचलायच्या, 'आमी उघडलं, आमी उघडलं, आता नाही लागणार.' या मागच्या उचलण्याला झील म्हणतात. झील चांगली लागली की अंगावर काटा यायचा. सुवर्णाची आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायची. एका जयंतीला तिने हे गाणं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी लेकीचं बोट धरून शाळेत गेली. सुवर्णा आज जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती, ती त्या गाण्यामुळे. तसं तीच सगळ्यांना सांगायची आणि त्यात काही खोटं नव्हतं.

आता तिची लेक विशाखा त्या पार्टीत निघाली होती. कॉलेजच्या कार्यक्रमात तिने म्हटलेलं गाणं कुणीतरी फोनवर टाकलं, ते दादांपर्यंत गेलं आणि दादांनी धम्मदीपला फोन केला: पोरीचा आवाज झीलीला पाहिजे, जयंतीचा महिनाभर पाठवून दे. जेवण झालं की दादांच्या गाडीतूनच ती जाणार होती. आज बेल्लमपल्ली, पुढे महाराष्ट्रातली गावं. तिची बॅग भरून पुढच्या खोलीत ठेवलेली होती. सुवर्णा रोज ठरवायची, आज सांगते, आणि रोज ते उद्यावर ढकलायची.

तीही तेव्हा विशाखाएवढीच होती, डीएड करत होती. बेल्लमपल्लीला कार्यक्रम होता, पार्टी एका ओळखीच्या कामगाराच्या क्वार्टरमध्ये उतरली होती. दुपारी चहा पिताना दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "हिची झील कच्ची हाय. पक्की करून देतो." आतल्या खोलीत नेलं, कडी लावली आणि अगदी हळू सांगितलं, "थांबाचं नाही. गात राह्य." आवाज बाहेर जातोय तोवर कुणी दार वाजवणार नव्हतं. ती गात राहिली. दादांचे हात कुठे कुठे गेले ते तिने आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. ओळ त्यांनी टाकायची आणि झील तिने उचलायची, एकदा झाली की पुन्हा, पुन्हा. भीतीने तिचा आवाज कापत होता. पुढे कॅसेट निघाली त्यातही तो तसाच कापला आणि लोकांनी नेमकी त्याचीच तारीफ केली. काय दर्द आहे पोरीच्या गळ्यात, म्हणाले.

दाराबाहेर जयवंताबाई बसल्या होत्या, पार्टीतल्या सगळ्यात जुन्या झीलकरीण. त्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सुवर्णाची वेणी घालताना त्या म्हणाल्या, "दादाचं वागनं एकीकडं, गानं एकीकडं. गानं समाजाचं हाय, बाई. त्याले डाग लागू देऊ नको." सुवर्णाने तो लागू दिला नाही. पार्टी सोडली, लग्न केलं, नोकरी धरली. गाणं वाईट असतं तर फार सोपं झालं असतं. पण कुठल्याही मांडवात ते भोंग्यावर लागलं की तिचे ओठ आपोआप झील उचलायचे आणि त्याच वेळी पाठीवरून घामाचे ओघळ उतरायचे. आपलं तोंड आपलं राहिलेलं नाही, याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

दादा आले. पांढरे कपडे, खांद्यावर निळी शाल, गुडघे दुखत असावेत कारण पायरी चढताना त्यांनी धम्मदीपचा हात धरला. म्हातारा झालाय, सुवर्णाला वाटलं. आता काय करणार हा? तेवढ्यात त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि हसले.

"सुवर्णा ना तू? आवाज हाय का अजून, का शाळेतल्या पोरायवर वरडून घालवला?"

धम्मदीप खो खो हसला. सुवर्णा पाणी आणायला म्हणून आत गेली ती ओट्याला धरून उभी राहिली. आत्ता सांगितलं तर धम्मदीप म्हणेल, इतके दिवस काऊन नाही सांगितलं? लोक म्हणतील, गाण्यावर चिखल टाकते, स्वतः त्याच गाण्यावर शिकली आणि आता चिखल टाकते. शिवाय दादा स्वतः काही नाकारणारसुद्धा नाहीत, नुसते हसतील, हेही तिला ठाऊक होतं.

तिने चहा ठेवला. नळ चालू होता, पुढच्या खोलीतलं बोलणं अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. विशाखा काहीतरी लाजत बोलली, दादांनी शाबासकी दिली. मग तिने नळ बंद केला आणि त्या शांततेत दादांचा आवाज स्वच्छ आला.

"झील कच्ची हाय पोरीची. चल, पक्की करून देतो."

सुवर्णाच्या हातातली गाळणी खाली पडली. ती उचलायलाही तिला सुचलं नाही. बाहेर आली तेव्हा सोफ्यावर धम्मदीप एकटाच होता आणि विशाखाच्या खोलीचं दार लागलेलं होतं.

"दार काऊन लावलं?"

"रस्त्यावरून गाड्या जाऊन राह्यल्या ना. बस इथं, आयक." त्याने डोळे मिटून मांडीवर ठेका धरला. घरात बसून असं काही ऐकायला मिळणं हे त्याला आपलं भाग्य वाटत होतं.

आतून दादांचा आवाज आला. वयाने तो जरा जाड झाला होता, पण होता तोच, ऐकणाऱ्याला मायेने जवळ ओढणारा. 'कोनं उघडलं दार, बाई, कोनं उघडलं दार?' विशाखाने झील उचलली. ताजा, धीट आवाज. दादांनी पुन्हा ओळ टाकली, तिने पुन्हा उचलली. सुवर्णा बंद दाराकडे पाहत उभी राहिली. काही नाही, फक्त शिकवतोय, म्हातारा माणूस आहे, तिने स्वतःला सांगितलं. तिसऱ्या वेळी झील उचलताना 'उघडलं' या शब्दावर विशाखाचा आवाज कापला.

"वा!" धम्मदीप पुटपुटला. "दर्द आयकला का? थेट तुझ्यासारखा."

सुवर्णाने तो बरोबर ऐकला होता. अंग चोरून मागे सरकताना श्वास वर ओढला जातो, तेव्हाच आवाज असा होतो. आणि तिच्या लक्षात आलं की तिचे स्वतःचे ओठही हलत होते. दारापलीकडून ओळ येत होती आणि ती दाराबाहेर उभी राहून झील देत होती, जयवंताबाई बसल्या होत्या तिथेच. तिला स्वतःचीच भीती वाटली.

तिने ओठ दाताखाली धरले, रक्ताची चव येईपर्यंत. त्या दाराची आतली कडी कधीची मोडलेली होती. सुताराला आणतो, आणतो, असं धम्मदीपचं चाललेलं असे आणि त्यावरून ती त्याला घालूनपाडून बोलायची. तिने दोन्ही हातांनी दार ढकललं.

'कोनं उघडलं दार, बाई—' दादांची ओळ तिथेच तुटली. ते पलंगावर बसले होते. विशाखा भिंतीला टेकून उभी होती, तिचं मनगट त्यांच्या एका हातात होतं आणि दुसरा हात त्यांनी आत्ता शालीखाली ओढून घेतला होता.

"मी," सुवर्णा म्हणाली. आवाज घोगरा निघाला, पण निघाला. "मी उघडलं. हात सोडा तिचा."

"अवं सुवर्णाबाई, ताल देऊन राह्यलो पोरीले," दादा हसत म्हणाले.

"मलेही असाच दिला होता." ती मागे वळली. धम्मदीप सोफ्यावरून उठून आला होता, ठेका धरलेला हात अजून तसाच अधांतरी होता. "विशाखाचे पप्पा, हे मले तुमाले कधीच सांगाचं होतं. यायनं माझी झील अशीच पक्की केली होती. बेल्लमपल्लीले, कडी लावून."

धम्मदीप दादांकडे पाहत राहिला. दादांनी शाल सारखी केली. "गान्यासाठी कोनी काय काय सोसते, बाई," ते म्हणाले, "आन् तू..." धम्मदीपने पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाठ फिरवून बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या ओठावर रक्त होतं.

"गाडी बोलवा तुमची," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नसता.

मनगट सुटलं होतं, पण विशाखा भिंतीपासून हलली नव्हती. डोळे दारावर, चेहरा पांढराफटक, आणि ओठ हलत होते. अगदी बारीक आवाजात ती अजून म्हणत होती, आमी उघडलं, आमी उघडलं, आता नाही लागणार. आमी उघडलं. तिलाही त्यांनी सांगितलं असणार, थांबाचं नाही, गात राह्य.

सुवर्णाने तिला जवळ घेतलं. पोर लटलट कापत होती आणि गात होती.

"थांब, माय," सुवर्णा तिच्या कानाशी म्हणाली. "थांबलं तरी चालते."