चंपतरावांच्या पोटाची आवक-जावक

चंपतराव आले ते एका दिवसासाठी. आर्वीहून नागपूरला कोर्टाची तारीख, तारखेला हजेरी आणि परत. पण नंदनवनात मेहुण्याच्या, म्हणजे शालिकरामच्या घरी उतरले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या संडासातून तोंड पाडून बाहेर आले.

"वहिनी, पोट जाम आहे. अन् पोट साफ झाल्याशिवाय मी प्रवास करत नसतो. आमच्या घराण्यात कोणीच नाही करत."

घराणं मध्ये आलं की विषय संपतो. त्यातून नणंदेचा नवरा. त्याला 'जा' म्हणणारी भावजय अजून जन्माला यायची आहे.

शालिकरामच्या बायकोने, मनकर्णाने, मनापासून उपचार सुरू केले. रात्री भिजवलेल्या मनुका, दुधात उकळलेले अंजीर, जेवणावर पपई. दुपारी पिकलेल्या बेलाचं सरबत, गूळ अन् जिरं घालून. चंपतराव डोळे मिटून प्यायचे आणि पेला ठेवताना म्हणायचे, "औषध म्हटलं की घ्याच लागते. अजून आहे का?"

असे आठ दिवस गेले. इकडे गुरुवारी काटोलला मनकर्णाच्या धाकट्या बहिणीची, गोपिकाची हळद. आई नव्हती, त्यामुळे पहिली हळद मोठ्या बहिणीनेच लावायची. पण पाहुणा घरात ठेवून जायचं कसं? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अवं, जवाई आहे तो. मी काय त्याचं पोट दाबू?"

मंगळवारी भांडी घासता घासता मनकर्णाने शेजारच्या अंजनाबाईपुढे हिशोब मांडला. "आठ दिवसांत चार पपया, पावशेर अंजीर, सहा बेलं. वरून दोन्ही वेळा पाच-पाच पोळ्या. आवक एवढी, जावक शून्य. मावशी, हे पोट आहे का गोदाम?"

अंजनाबाई हसत हसत खालीच बसली. "जावक शून्य कोण म्हणते वं? पहाटे तुम्ही झोपून राहता. तो माह्या कुंपणाजवळून टमरेल घेऊन रोज मैदानात जाते. अन् येते कसा? गाणं म्हणत!"

मनकर्णा भांडली नाही. संध्याकाळी ओसरीवर उभी राहून तिने जाहीर केलं, "भाऊजी, वैद्यायले विचारून आली. ते म्हणे, आठ दिवस जाम म्हणजे दुखणं साधं नाही. उद्यापासून नुसतं हिरड्याचं चूर्ण अन् बेलाचं सरबत, तेही बिनगुळाचं. पोळी बंद, चहा बंद, सुपारी बंद."

बुधवारी सकाळी चंपतरावांनी तुरट हिरडा तोंड वाकडं करून गिळला. दुपारी पुन्हा. संध्याकाळी मनकर्णाने चुलीवर मटणाचा झणझणीत रस्सा चढवला. वास ओसरीवर पोचला. चंपतराव दोनदा उठले, दोनदा बसले.

"वहिनी, आम्हाले?"

"तुम्हाले सरबत आहे ना, भाऊजी."

ते तडक परसात गेले आणि दोन मिनिटांत धोतर सावरत ओरडत आले, "झालं! वहिनी, झालं! एकदम साफ!"

आवाज असा की अंजनाबाई कुंपणाशी धावली. "वा पाहुणे! मंग तं सकाळची आर्वीची गाडी सापडते तुम्हाले."

आता नाही म्हणायची सोय राहिली नाही. चंपतरावांनी त्याचं दुःख रश्श्यात बुडवलं. तीनदा मागून घेतला. मनकर्णाने आनंदाच्या भरात तीनही वेळा हात सैल सोडला, आणि चूक झाली ती इथेच. दिवसभराचा हिरडा आणि बेल, वर मटण. गुरुवारी पहाटेपासून चंपतराव संडासात. बाहेर यायचे, पायरीवर टेकायचे, परत आत. काटोलची गाडी साडेनऊची.

"वहिनी," आतून क्षीण आवाज आला, "आता खरंच निघता येत नाही. देवाशपथ!"

"मले माहीत आहे, भाऊजी. या खेपेला ऐकू येऊन राहिलं."

अंजनाबाईने कुंपणावरून विचारलं, "बेल देऊ का वं?"

"द्या. पण पिकलं नको. कच्चं तोडा."

पिकलेलं बेल सोडतं, कच्चं बांधतं. मनकर्णाने कच्चं बेल निखाऱ्यात भाजलं, फोडलं, गर सुंठ-गुळात कालवला आणि वाटी पायरीवर ठेवली. चंपतरावांनी ती मुकाट संपवली. तासाभराने दुसरी वाटी. साडेआठला ते पायरीवर बसले ते बसलेच राहिले. शालिकराम रिक्षा बोलवायला धावला.

स्टँडवर आर्वीच्या गाडीत चंपतराव ताठ बसले, पिशवी मांडीवर दाबून. "वहिनी, आता परत जाम तं नाही होणार?"

"झालं तं घरी ताई आहेत," मनकर्णा म्हणाली आणि पदर सावरत काटोलच्या गाडीकडे पळाली.

पोचली तेव्हा गोपिका पाटावर बसली होती. हळदीच्या वाटीला अजून कुणी हात लावला नव्हता. "काहून उशीर वं, बाई?"

"तुह्या हळदीत सांगायची गोष्ट नाही," मनकर्णा म्हणाली आणि पहिलं बोट गालाला लावता लावता सगळी सांगितली. नवरी एवढी खदखदली की हळद गालाऐवजी नाकात गेली, आणि काकू ओरडली, "अवं, शांत बसा! इकडे शुभकार्य चालू आहे!"