चाल कुणाची

निपाणी सोडून योगीराजला बंगळुरात नऊ वर्षं झाली, पण भजनी मंडळाची रीत काही अंगातून गेली नाही. तिथं चाल स्वतः बांधली तरी गुरूचीच सांगायची. ‘माझी’ म्हणणारा माजला असं समजतात. म्हणून रेकॉर्ड कंपनीच्या फॉर्मवर ‘संगीतकार’ या रकान्यात या शहाण्यानं चक्क ‘पारंपरिक’ लिहिलं! कंपनीला तेच हवं होतं. गाणं मांडवामांडवात वाजलं, जाहिरातीत गेलं आणि याच्या हाती गायल्याचे पाच हजार, तेही एकदाच.

आता सोमवारी कंपनी ते गाणं सिनेमावाल्याला विकणार होती. त्याआधी नाव लागलं तर लागलं, नाहीतर स्वतःच्या गाण्याला कायमचं मुकायचं. पुरावा एकच. वर्षापूर्वी तो चाल बांधत असताना त्याची बायको कावेरी हिनं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग.

बंगळुरातल्याच शिवाजीनगरात कंपनीच्या ऑफिसात मॅनेजर गुरुदत्तनं कॉफी मागवली, गोड बोलला. कावेरीनं फोन टेबलावर ठेवला. योगीराज गुणगुणतोय, अडतोय, दुसरी ओळ मोडून पुन्हा बांधतोय, सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. गुरुदत्तचं हसू मावळलं. पुरावा पक्का आहे, वकिलांशी बोलावं लागेल, असं तो स्वतःच म्हणाला. कावेरीला तर आभाळ ठेंगणं झालं.

आणि तेव्हाच योगीराजला आठवलं, शेवटी काय आहे ते. एवढं पुरे की, असं पुटपुटत त्यानं फोनकडे हात नेला, तर कावेरीनंच त्याचा हात बाजूला सारला.

“वाजू द्या की हो. मला आवडतं ते.”

फोनमधली कावेरी हसली. किती गोड आहे, कुणाची चाल, असं तिनं विचारलं. मागोमाग योगीराजचा आवाज आला, अगदी ठणठणीत.

“आपली कुठली? देवाप्पा मास्तरांची.”

कावेरी नवऱ्याकडे बघतच राहिली. रीत आहे गं, गुरूचंच नाव घ्यायची, असं तो सांगणार, तोच गुरुदत्तनं अदबीनं विचारलं, हे मास्तर कुठं असतात? वारले, योगीराज कसाबसा म्हणाला. मुलंबाळं? नाहीत.

“सरी, ठीक आहे,” गुरुदत्त म्हणाला. “म्हणजे मागायला येणारं कुणी नाही.” त्यानं फाइल मिटली आणि दोघांना कॉफी घ्यायला सांगितली.