हातावरचा हात

माझ्या उजव्या हातावर मोठेबाबांचा हात आहे. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. मी सहा वर्षांची असताना दसऱ्याला त्यांनी माझा हात धरून पाटीवर ‘श्री’ गिरवून घेतला आणि मग तो उचलायचा राहूनच गेला. त्याला आता एकतीस वर्षं झाली.

ही काही तक्रार नाही हं. बांगड्या डाव्याच हातात घालते, एवढंच. ऑफिसच्या हजेरीच्या मशीनवर अंगठा त्यांचा उमटतो, त्यामुळे कागदोपत्री माझी नोकरी तेच करतात. लग्नात हेमंतनं माझा हात हातात घेतला तोही मोठेबाबांच्या हातासकट. भटजी जरा अडखळले, मग म्हणाले, “असू द्या, वडीलधारेच आहेत.”

वाशिमला एसटी डेपोमागच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं राहायचो. कोणतं मूल कुणाचं, हे पाहुण्यांना विचारावं लागायचं. वेणी आत्या घालायची, पाढे आजोबा म्हणवून घ्यायचे, खोटं बोललं की धपाटा मोठी आई द्यायची आणि रडू आलं की पदर आईचा. शिकवणी हा शब्द आम्हाला ठाऊकच नव्हता. मोठेबाबा डेपोतून आले की साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, तरी ग्रीसचा वास उरायचाच. तो अजून येतो. पोळ्या लाटताना येतो आणि मला भरून येतं, खोटं कशाला बोलू?

गेल्या सोमवारी रुजुताच्या शाळेचा निरोप आला. रुजुता माझी मुलगी, पहिलीत आहे. ‘पाहणीत आपल्या पाल्याच्या हातावर घरातील कोणाचाही हात आढळला नाही. शनिवारी सकाळी अकरा वाजता शाळेतर्फे हात घरी येऊन बसवला जाईल. एकदा बसवलेला हात काढता येणार नाही.’

“बरंच झालं की,” हेमंत म्हणाला. “आपल्याला तरी कुठं वेळ आहे?”

“वा रे वा! उद्या म्हणाल, आईबापही शाळेनंच पाठवावेत.”

समोरच्या कदमांच्या विहानला मागच्या महिन्यात तसा हात बसवलाय. मी जाऊन बघून आले. हात स्वच्छ, नखं कापलेली, कसला म्हणून वास नाही. विहानचं अक्षर मोत्यासारखं झालंय. पण त्याच्या आईनं केसांतून हात फिरवायला घेतला की तो हात तिचा हात अलगद बाजूला करतो. दर वेळी. ती बाई मला चहा देता देता हसत होती. मी चहा अर्धाच टाकून घरी आले.

बुधवारी हेमंतनं प्रयत्न केला. रुजुताच्या हातावर हात ठेवून तो पाटीपाशी बसला. हात चिकटलाही. पण मोबाइल वाजला मात्र, हात सुटून परत त्याच्या मनगटाला. गुरुवारी मी डावा हात ठेवून पाहिला, कारण उजवा मोठेबाबांच्या हाताखाली अडकलेला. रुजुतानं दोन ओळी गिरवल्या, मग आपला हात सभ्यपणे काढून घेतला.

“झालं ना आई? मला अबॅकसला जायचंय.”

एवढीशी पोर, पण बोलली अशी की जणू बँकेतून काम उरकून निघालीय. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

शुक्रवारी दुपारी वाशिमला फोन लावला.

“मोठेबाबा, तुम्ही तेव्हा हात कसा काय विसरलात? मला तसाच विसरायचाय.”

“म्या कायले इसरू?” ते म्हणाले. “तूच सोडत नव्हती. म्हटलं, पोरीचं मन भरू दे.”

“एकतीस वर्षं?”

“तुयं मन भरत नाही, त्याले मी काय करू?”

पलीकडे मोठी आई कुणाला तरी ओरडत होती. मी विचारलं, “उचलू का आता?”

“उचल माय,” ते म्हणाले. “डाव्या हातानं जेवूजेवू कटाळलो.”

शनिवारी हेमंत कामावर गेला आणि साडेदहाला पाटी घेऊन मी आणि रुजुता जमिनीवर बसलो. मी मोठेबाबांचं एकेक बोट उचललं. करंगळी लगेच सुटली, अंगठ्याला वेळ लागला. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही. शेवटी हात सुटला, आणि सुटला तसा तो तिथं नव्हताच. दोन मिनिटांत फोन आला.

“पोचला वं,” मोठेबाबा म्हणाले. “मोठ्या आईनं त्याच्यावर भाकर ठेवली.”

मी माझ्या हाताकडे पाहिलं. इतकी वर्षं झाकलेला तो हात वाढलाच नव्हता. सहा वर्षांच्या मुलीचा हात, नखांत पेन्सिलीची पांढरी भुकटी. मी पेन्सिल धरायला गेले तर ती निसटली.

“अय्या, हा तर माझ्याएवढाच आहे!” रुजुता म्हणाली. “तुला लिहिता येत नाही?”

“या हातानं कधी एकटीनं लिहिलंच नाही गं.”

तिनं माझ्या बोटांत पेन्सिल बसवली. माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि जीभ दातांत धरून ‘श्री’चं पहिलं वळण काढू लागली. रेघ वाकडी गेली. तिनं थुंकी लावून पुसली, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा पुसली. अबॅकसची वेळ होऊन गेली तरी तिला आठवण नव्हती. तोल जाऊ नये म्हणून तिनं डावा हात माझ्या गळ्यात टाकला, मी माझा तिच्या कमरेभोवती घेतला. मी उजवा हात जरा हलवून पाहिला. तिचा हात सुटला नाही.

अकरा वाजता दारावरची बेल वाजली. मग पुन्हा वाजली. उघडायला आमच्यापैकी एकीचाही हात मोकळा नव्हता.