पाचवी सवाष्ण

लातूरकडे भूकंप झाला त्याच्या आधीच्या फाल्गुनातली, म्हणजे त्र्याण्णव सालची ही गोष्ट. राजूरच्या जोशीबुवांपुढे टेंभुर्णीच्या पुंजारामने दोन कागद ठेवले. एक पोराची पत्रिका, दुसरा धाकट्या भावाच्या रक्ताचा रिपोर्ट.

“महाराज, पत्रिका मागून. आधी हे बघा.”

बुवांनी चष्मा लावला. “अरे, हे तर इंग्रजी.”

“डॉक्टरनं गोल केलेला आकडा बघा ना. रक्तात सूज हाये. लगीन ज्येष्ठात धरलंय, पन रामकिसन काय ज्येष्ठ बघत न्हाई. मधीच काही झालं तर सुतक, मंग वरीसभर घरात लगीन न्हाई. पोरीकडचे थांबायचे न्हाईत.”

बुवांनी त्या आकड्याकडे एखादा वाईट ग्रह पाहावा तसं पाहिलं. “फाल्गुनातच उरका.”

रामकिसनची बायको द्वारकाबाई दाराशी उभी होती. पुंजारामबरोबर जीपने ती नवऱ्यासाठी राजूरच्या गणपतीला नवस बोलायला आली होती. घरात उंदीर मरावा, सापडू नये आणि वास तर सगळीकडे यावा, तसं तिला झालं. नवस न बोलताच ती जीपमध्ये जाऊन बसली.

रामकिसन जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात पोती शिवायचा. तिथेच फीट येऊन पडला. औरंगाबादला डोकं उघडून मेंदूतली गाठ निघाली तेवढी काढली. तोंड वाकडं झालं, डावा गाल बधिर झाला. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले होते, “रक्तातली सूज वाढलीय, पांढऱ्या पेशीही. या आजारात हे चांगलं लक्षण धरत नाहीत. पण यावरून दिवस मोजू नका. पेशी गोळ्यांनीसुद्धा वाढतात. सोमवारपासून किरणांचा शेक सुरू करायला या.” पुंजारामने पहिली दोन वाक्यं ऐकली आणि तेवढीच गावभर सांगितली.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. चहा पिऊन, पान लावून माणसं खाटेशेजारी बसत, त्याच्या तोंडाचा वास आला की एकमेकांकडे बघून मान हलवत. एक म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, “लई कामाचा मानूस होता गं.”

“होता न्हाई काकू, हाये,” रामकिसन वाकड्या तोंडानं म्हणाला. “जरा पानी द्या.”

लग्न मंगळवारचं ठरलं. द्वारकाबाईनं पदर पुढे ओढून मोठ्या दिराला शेकाची आठवण करून दिली.

“लग्नानंतर बघू,” पुंजाराम म्हणाला. “तिकडं नेला अन् तिकडंच गेला तर? गोळ्या बराबर देत जा. मांडव उतरेपर्यंत टिकला पाहिजे.”

जत्रेसाठी राखलेला बोकड कसा जपतात, तसं ते बोलणं होतं. 

सोमवारी सकाळी अंगणात जात्याला आंब्याची पानं बांधली. हळद दळायला पाच सवाष्णी लागतात. घरातली धाकटी सून म्हणून द्वारकाबाई हिरवं लुगडं नेसून बाहेर आली. थोरली जाऊ झुंबरबाई लगबगीनं आडवी आली.

“तू राहू दे गं. तू त्यांच्यापाशी बस.”

“का बरं? मी सवाष्ण न्हाई का?”

“हाईस की. पन शुभकाम हाये, उगी कशाला... चतुराबाईला बोलावलंय म्या.”

शेजारच्या आळीतल्या चतुराबाईनं जात्याचा खुंटा धरलेलाच होता. तिनं मान वर केली नाही. कुणीच केली नाही. नवरा आत खाटेवर जिवंत, हाक मारली तर ओ देईल एवढा जिवंत, आणि बाहेर त्याच्या बायकोचं कुंकू एका कागदापायी पुसून झालं होतं. 

ती आत गेली. नवऱ्याचं तोंड धुतलं, सदरा घातला.

“कुठं?”

“औरंगाबादला. शेकाला.”

“अन् लगीन?”

“ते त्यांचं हाये. उठा, बस जाईल.”

त्याचा हात खांद्यावर घेऊन ती भर मांडवातून निघाली. जातं थांबलं. पुंजाराम धावत आला. “अगं, लोक काय म्हनतील? अन् रस्त्यात याला काही झालं तर?”

लग्न होऊन आल्यापासून तिनं मोठ्या दिराच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता. आज दिला.

“तर तुमची हळद वाया जाईल, दादा.”

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं रामकिसनला तोंड उघडायला लावलं आणि चटकन मान मागे घेतली. बधिर गालाआड दाढ सडून पू साचला होता. त्याला कळलं नव्हतं. गावानं त्या वासाला मरणाचा वास ठरवलं होतं. दाढ काढली, शेक सुरू झाला. पुढच्या तपासणीत आकडा निम्म्याहून खाली आला.

“मंग गाठ गेली का?” द्वारकाबाईनं विचारलं.

“नाही बाई. गाठ आहे. सूज बरीचशी दाढेची होती. गाठीला जरा दमानं घ्यायला लावू, एवढंच आपल्या हातात.”

शेक संपल्यावर ती टेंभुर्णीला गेली, ती फक्त भांडी आणायला. पुंजाराम तिला बघून चाचरत म्हणाला, “आकडा तर चढला होता म्हनं?”

“उतरला. तुमचं लगीन झालं ना बराबर?”

तिनं जालन्यात खोली घेतली आणि त्याच कारखान्यात ती बी निवडायला लागली.

पुंजाराम पुढे दम्यानं आजारी पडला, पण कुणाला बोटाला सुई टोचू दिली नाही, तसाच गेला. झुंबरबाई सुनेशी पटेना म्हणून माहेरी भावाकडे राहिली. चतुराबाई मात्र एकदा जालन्याला आली, डाळ्या-मुरमुऱ्याचा पुडा देऊन गेली. ज्याच्या लग्नासाठी एवढं केलं तो पोरगा, शिवाजी, पुण्याकडे ट्रक चालवतो.

रामकिसन आणखी तीन वर्षं जगला. शेंगा फोडत उंबऱ्यात बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारायचा. एका संध्याकाळी द्वारकाबाई कामावरून आली तेव्हा तो भिंतीला टेकून होता, थंड. मांडीपाशी वाटीत सोललेले दाणे होते. आता सांगितलं की माणसं येणार, शेजारी बसून बोलणार. तिनं दार आतून लोटून घेतलं, त्याच्याजवळ बसून सगळे दाणे एकेक करून खाल्ले, आणि मग शेजारणीला हाक मारली.