अठ्ठ्याण्णव टक्के उजवीकडे

माणसाच्या हृदयाचा ठाव आजवर कुणालाही लागलेला नाही. या रुग्णालयात तो गेल्या महिन्यापासून लागू लागला. सकाळी नऊ ते दुपारी एक, रविवारी सुट्टी.

ठाव लावणारं यंत्र कपाटाएवढं होतं. छातीवर चिकटपट्ट्या लावायच्या, तारा जोडायच्या, जरा थांबायचं. ठोके नेमके कुठून बिघडतात ते यंत्र स्वतःच्या बुद्धीनं शोधायचं आणि पडद्यावरच्या हृदयाच्या चित्रात एक लाल ठिपका टाकायचं. मग डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून आत सोडलेल्या तारेच्या टोकानं तेवढ्याच जागी डाग द्यायचा, की बिघाड संपला. पूर्वी ही जागा शोधायला मोठ्या डॉक्टरांना दोन-दोन तास लागत. यंत्राला चाळीस सेकंद पुरत. वाचलेला वेळ उद्घाटनाच्या भाषणांत गेला.

पहिला पेशंट म्हणून एक क्रेनवाला मिळाला. तीस मजले उंचीवर, काचेच्या केबिनमध्ये सतरा वर्षं बसलेला माणूस. त्याचा दर चौथा ठोका रांगेत घुसणाऱ्या माणसासारखा मध्येच घुसायचा. त्याला स्वतःला त्याचा काडीचाही त्रास नव्हता. पण कंपनीच्या वार्षिक तपासणीत ते सापडलं आणि नाडी नियमित असल्याचा दाखला मिळेपर्यंत त्याला खाली उतरवण्यात आलं. आता तो गेटवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना हेल्मेट वाटत असे. केबिनमध्ये त्याचा मेहुणा बसला होता. सोमवारपर्यंत दाखला आला नाही तर केबिन कायमची मेहुण्याची, असं साइटच्या साहेबानं तोंडावर सांगितलं होतं.

त्यामुळे ऑपरेशनच्या दिवशी मेहुणा जातीनं हजर होता.

"भाऊजी, तुम्ही अजिबात घाई करू नका," तो म्हणाला. "महिना लागू दे, दोन महिने लागू दे. मी आहे."

"तू आहेस म्हणूनच घाई आहे," क्रेनवाला स्ट्रेचरवरून म्हणाला. "माझी सीट पुढे ओढलीस ना?"

"पाय पुरत नव्हते."

"सतरा वर्षं हलली नव्हती ती सीट!"

"अहो, शांत पडा," बायको म्हणाली आणि नर्सकडे वळली. "यांना वर पाठवा हो बाई एकदाचं. वर म्हणजे क्रेनवर. खाली आल्यापासून मला घरात पातेलं ठेवताना दिशा देतात. थोडं डावीकडे, थोडं मागे, हां, सोड."

आत सगळी तयारी होती. काचेपलीकडच्या खोलीत रुग्णालयाचे संचालक, दोन फोटोग्राफर आणि यंत्रासोबत आलेला एक टायवाला बसले होते. पडद्यांसमोर ईसीजीच्या ताई होत्या. बावीस वर्षं त्या ठोक्यांच्या रेघा वाचत आल्या होत्या. त्यांच्यापुढे माईक होता. पण आज फोटो निघणार असल्यामुळे प्रात्यक्षिक चालू असताना कर्मचाऱ्यांपैकी कुणीही मध्ये बोलायचं नाही, असा संचालकांचा लेखी आदेश त्या माईकलाच चिकटवलेला होता.

चाळीस सेकंदांत ठिपका उमटला. हृदयाचा उजवा कप्पा, वरचं तोंड. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के.

टाळ्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी तार तिथे नेली, डाग दिला. ठोके पडत राहिले. एक, दोन, तीन आणि घुसखोर. पुन्हा डाग दिला. पुन्हा घुसखोर. तिसऱ्यांदा दिला, तेव्हा पूर्ण भूल न दिलेला, नुसत्या गुंगीत असलेला क्रेनवाला म्हणाला, "साहेब, छातीत चटका बसतोय."

"बसणारच."

"सुधारलं का?"

"यंत्राची खात्री नव्व्याण्णव टक्क्यांवर गेली आहे," टायवाल्यानं माईकवरून अभिमानानं सांगितलं. ते खरं होतं. डॉक्टर जिथे डाग देतात ती जागा बरोबर असणार, असं यंत्राला शिकवलेलं होतं. आणि डॉक्टर डाग देत होते तो यंत्रानं सांगितलं म्हणून. असे दोघे एकमेकांच्या भरवशावर चालले होते. आणखी दोन डाग दिले असते तर खात्री शंभर टक्के झाली असती, आणि पेशंट जसाच्या तसा.

घड्याळात बारा वाजले.

"साहेब, एक विचारू?" क्रेनवाला टेबलावरून म्हणाला. "वर केबिनमध्ये मला पण पडदा दिलाय. पण माल टेकवताना मला पायाखालचं काही दिसत नाही. खाली एक माणूस उभा असतो, तो हात करतो. त्यानं हात केला की पडदा काहीही म्हणू दे, मी थांबतो. तुमच्याकडे हात करणारं कुणी नाही का?"

डॉक्टरांनी मान वर केली. काचेपलीकडे ईसीजीच्या ताई उभ्या होत्या. आदेश फक्त बोलण्याबद्दल होता, म्हणून गेली वीस मिनिटं त्या नुसता डावा हात हलवत होत्या.

"ताई, बोला."

"बोलू?" ताईंनी संचालकांकडे पाहिलं.

"अहो बोला, माणूस आडवा पडलाय!" डॉक्टर म्हणाले.

"हे डावीकडचं आहे, डॉक्टर. छातीवरच्या दुसऱ्या पट्टीतली रेघ बघा, किती लवकर वर चढतेय. पलीकडच्या कप्प्यात, मोठी रक्तवाहिनी निघते तिथे मुळाशी. भिंतीला भिंत लागून आहे. तुम्ही शेजाऱ्याच्या घरात शिरून याला चोप देताय."

"अशक्य!" टायवाला म्हणाला. "यंत्र याच रुग्णालयाच्या चार हजार एकशे बारा केसेसवर शिकलंय. त्यातल्या चार हजार तीन उजव्या तोंडाच्याच आहेत!"

"त्यावर माझा निबंध आहे," संचालक म्हणाले. "इथल्या लोकांचं हृदय मुळातच उजवीकडे कलतं. आहाराचा परिणाम. परिषदेत पदक मिळालं होतं."

ताईंनी माईक जवळ ओढला. मग म्हणाल्या, "तो आहाराचाच परिणाम आहे, सर. डॉक्टरांच्या. केस संपायची तेव्हा दीड वाजलेला असायचा, पोटात कावळे ओरडत असायचे. कॉम्प्युटरवरचा फॉर्म जागा भरल्याशिवाय बंद होत नाही. यादीत पहिलं नाव उजव्या तोंडाचं आहे. डॉक्टर म्हणायचे, राहू दे ताई तेच, बंद करा."

सगळे मोठ्या डॉक्टरांकडे बघू लागले. त्यांचा चेहरा मास्कमागे होता, हे त्या क्षणी बरं झालं.

"मग खरी जागा कुठे लिहायचात?" टायवाल्यानं विचारलं.

"वहीत. डॉक्टर हात धुता धुता सांगायचे, मी लिहायची. सव्वीस वह्या आहेत, माझ्या कपाटात."

"आम्हाला कुणी दिल्या नाहीत!"

"कुणी मागितल्या नाहीत."

"आम्हाला वाटलं, कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणजे..."

"हो ना," ताई म्हणाल्या. "सरांनाही तसंच वाटलं."

संचालकांनी फोटोग्राफरांना चहा प्यायला पाठवलं.

"साहेब," टेबलावरून आवाज आला, "तुमचं भांडण मिटलं की मला सांगा. सोमवार जवळ आलाय."

डॉक्टरांनी दुसरी तार मागितली. ती मांडीतल्या धमनीतून वर चढवली, मोठ्या रक्तवाहिनीच्या मुळाशी नेली. पूर्वी करत तसं डोळे बारीक करून, जीभ दातांत धरून ते इंच इंच सरकू लागले. काचेआडून ताई दिशा देत होत्या. "थोडं मागे. अजून. जास्त झालं. हां, हीच रेघ." यंत्राचा लाल ठिपका उजव्या बाजूला लुकलुकत राहिला. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, आणि टायवाला बघत होता तोही फार वेळ नाही.

डाग दिला. आठव्या सेकंदाला घुसखोर ठोका थांबला. एक, दोन, तीन, चार. पाच, सहा, सात, आठ. अर्धा तास थांबून पाहिलं. रांग सरळ चालली होती.

"झालं?" क्रेनवाल्यानं विचारलं.

"झालं."

"तो मेहुणा बाहेर आहे का? त्याला म्हणावं, सीट मागे घे."

बाहेर बायकोला बातमी कळली तेव्हा तिनं आधी डोळे पुसले आणि मग भावाला म्हणाली, "चल, त्यांचे कपडे आण. आणि तोंड जरा बरं कर, कुणी गेलेलं नाही." मेहुणा म्हणाला, "मी खूशच आहे गं ताई," आणि कपडे आणायला गेला तो बराच वेळ आला नाही.

आत अहवालाचा प्रश्न होता. यंत्राच्या फॉर्ममध्ये जागा बदलायची सोय होती, पण त्यासाठी यंत्राचं चुकलं असं कारण लिहावं लागत होतं. संचालक म्हणाले, पहिलीच केस आहे, अपशकुन नको. टायवाला म्हणाला, यश आलं हे महत्त्वाचं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. दीड वाजत आला होता. रंगीत चित्रांसह बावीस पानांचा अहवाल छापून निघाला. यंत्रानं उजव्या तोंडाशी उगम शोधला, तिथे उपचार झाले, शंभर टक्के यश. ताईंनी सत्ताविसावी वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं: डावीकडे, मुळाशी.

सोमवारी सकाळी क्रेनवाला तो अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून साइटवरच्या पत्र्याच्या दवाखान्यात गेला. दाराबाहेर मेहुणा हातात हेल्मेट घेऊन उभा होता, वर जायचं की नाही हे कळायची वाट बघत. कंपनीच्या डॉक्टरनं पिशवी बाजूला सरकवली, त्याचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत अर्धा मिनिट मोजलं आणि दाखल्यावर सही केली.